विहीर विकून बादल्या

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वाद-विवाद मंडळाने जी स्पर्धा घेतली, तिचा विषय अनेकांना आठवत असेल : ‘गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सार्वजनिक संग्रहातील मौल्यवान कलाकृती विकणे योग्य आहे.’ अर्थशास्त्राच्या सरांनी विषय समजावून देताना अमेरिकेतील आयोवा सिटी या गावी घडलेल्या एका प्रकरणाचे उदाहरण दिले होते. मी विषयाच्या बाजूने बोललो. टाळ्या मिळाल्या, पहिला क्रमांक मिळाला, बक्षीस म्हणून एक जाडजूड शब्दकोशही मिळाला. आज वर्षभरानंतर मी हा लेख लिहीत आहे तो माझ्या त्याच भाषणाचे खंडन करण्यासाठी. परीक्षकांनी मला क्षमा करावी. शब्दकोश मात्र परत मागू नये, कारण तो रोज लागतो.

त्या दिवशी मी तसा का बोललो, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील तालुक्याच्या बाजारात हमाली करतात. आई दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाते. गेल्या वर्षी माझ्या शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष सरत आले तरी हातात पडले नव्हते. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली, तेव्हा आईने दोन शेळ्यांपैकी एक बाजारात नेऊन विकली. ती शेळी जाताना मागे वळून ओरडत होती, आणि आई तिच्याकडे न बघता चालत होती. हे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला कोणी विचारले की भिंतीवरचे एक चित्र विकून हजारो मुलांच्या फीची सोय होत असेल तर काय करावे, तो काय उत्तर देणार? मी तेच उत्तर दिले. ‘चित्राला भूक लागत नाही, विद्यार्थ्याला लागते’ हे माझे वाक्य सभागृहाला फार आवडले होते.

माझ्याविरुद्ध तृतीय वर्षाच्या एक ताई बोलल्या. त्यांचे भाषण माझ्याइतके रंगले नाही. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, “त्या शिष्यवृत्तीवर चित्रकला शिकायला आलेला मुलगा तिथे येऊन पाहणार काय?” घंटा वाजली आणि त्या खाली बसल्या. त्यांना बक्षीस मिळाले नाही. पण त्यांचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

मग मी या आयोवा सिटीविषयी मिळेल ते वाचू लागलो. काही ग्रंथालयात, काही मोबाइलवर. प्रथम आश्चर्य वाटले ते या गावाच्या आकाराचे. अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती येतात. आयोवा सिटीची वस्ती सुमारे ७५ हजार, म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे मोठे गाव. भोवती मैलोगणती शेते. आयोवा हे राज्य मका, सोयाबीन आणि डुकरे यांसाठी प्रसिद्ध आहे. गावातून त्याच नावाची नदी वाहते आणि नदीच्या दोन्ही काठांवर आयोवा विद्यापीठ पसरले आहे. विद्यार्थी सुमारे तीस हजार. गाव विद्यापीठावर जगते म्हटले तरी चालेल.

अशा शेतकरी मुलखातल्या विद्यापीठाने १९२२ साली एक धाडसी निर्णय जाहीर केला. उच्च पदवीसाठी प्रबंधाऐवजी कविता, कथा, चित्र, संगीतरचना अशी सर्जनशील निर्मितीही स्वीकारली जाईल, असे त्याने ठरवले. कवितेवर लिहिलेल्या प्रबंधाला पदवी सगळेच देत होते. कवितेलाच पदवी देण्याचा विचार मात्र नवा होता. त्यातूनच पुढे १९३६ मध्ये ‘रायटर्स वर्कशॉप’ ही लेखनाची कार्यशाळा उभी राहिली. फ्लॅनरी ओ’कॉनर तेथे विद्यार्थिनी होत्या, कर्ट व्हॉनेगट यांनी साठच्या दशकात तेथे शिकवले. पॉल एंगल या कवीने ही कार्यशाळा १९४१ पासून सुमारे पाव शतक चालवली. ते घोड्यांचा व्यवसाय करणाऱ्याचे चिरंजीव, शेजारच्याच सीडर रॅपिड्स गावचे. पुढे १९६७ साली एंगल आणि चीनमध्ये जन्मलेल्या लेखिका ह्वालिंग न्ये यांनी ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम’ सुरू केला. जगभरच्या लेखकांनी काही महिने या गावी येऊन राहावे, लिहावे, एकमेकांना भेटावे, अशी ही योजना. आजवर दीडशेहून अधिक देशांतील दीड हजारांहून अधिक लेखक तेथे राहून गेले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात या कार्यक्रमासाठी तेथे होते. तुकोबांना इंग्रजीत नेणारा आपला कवी मक्याच्या शेतांमधल्या त्या गावी राहिला होता, हे वाचून मला ते गाव एकदम जवळचे वाटू लागले.

या गावाला २००८ साली युनेस्कोने ‘साहित्यनगरी’ म्हणून मान्यता दिली. आयोवा ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्याच्या पदपथावर लेखकांच्या नावांचे आणि वचनांचे कांस्यपट बसवलेले आहेत. लोक त्यांवरून चालत बाजाराला जातात. ‘प्रेअरी लाइट्स’ हे पुस्तकांचे दुकान १९७८ पासून चालू आहे. तेथे लेखक येऊन आपले लेखन वाचून दाखवतात आणि कोणीही जाऊन ऐकू शकतो. ‘इंग्लर्ट’ हे १९१२ साली उघडलेले नाट्यगृह १९९९च्या सुमारास नाइट क्लब होण्याच्या बेतात होते. गावकऱ्यांनी नगरपालिकेला गळ घातली, वर्गणी जमवली, आणि २००४ साली त्याचा पडदा पुन्हा वर गेला.

एवढे सांगितल्यावर आता त्या चित्राकडे येतो.

त्याचे नाव ‘म्यूरल’, म्हणजे भित्तिचित्र. वास्तविक ते भिंतीवर नव्हे, कापडावर काढलेले आहे. उंची आठ फूट, लांबी सुमारे वीस फूट. चित्रकार जॅक्सन पोलॉक. १९४३ साली हा तरुण न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात देखभालीचे हलके काम करून पोट भरत होता. ते संग्रहालय सॉलोमन गुगेनहाइम या धनिकाचे. त्यांची पुतणी पेगी गुगेनहाइम हिने पोलॉकला दरमहा १५० डॉलर देऊ करून ते काम सोडवले, आणि आपल्या घराच्या प्रवेशदालनासाठी एक प्रचंड चित्र काढायला सांगितले. तेच हे चित्र. पुढे पेगीबाई युरोपात व्हेनिसला राहायला गेल्या आणि चित्र त्यांनी आयोवा विद्यापीठाला भेट दिले. १९५१ साली ते मक्याच्या मुलखात येऊन पोचले. काही काळ ते चित्रकला शिकणाऱ्या मुलांच्या कामाच्या खोलीतच टांगलेले होते, म्हणजे मुले त्याच्यासमोर उभी राहून आपापली चित्रे काढीत असत.

मी हे चित्र पाहिलेले नाही. मोबाइलच्या पडद्यावर पाहिले, पण वीस फुटांचे चित्र चार बोटांच्या पडद्यावर पाहणे याला पाहणे म्हणत नाहीत. काळ्या, उभ्या, वळणदार रेषा एकामागून एक धावत आहेत आणि त्यांच्यामधून पिवळा, पांढरा, गुलाबी रंग उसळतो आहे, एवढे दिसले. एखाद्या कळपामागे कुत्रे लागावे आणि धुळीत पायच पाय दिसावेत, तसे काहीसे मला वाटले. ते मला कळले असा दावा मी करीत नाही.

जून २००८ मध्ये आयोवा नदीला मोठा पूर आला. नदीकाठचे संग्रहालय पाण्यात सापडले. चित्रे आधीच हलवल्यामुळे वाचली, परंतु ती इमारत पुन्हा कलाकृती ठेवण्याजोगी राहिली नाही. ‘म्यूरल’ काही वर्षे डॅव्हनपोर्ट गावच्या संग्रहालयात पाहुणे म्हणून राहिले. पुराने झालेले नुकसान प्रचंड होते, आणि या एका चित्राची किंमत सुमारे १४ कोटी डॉलर असल्याचा अंदाज निघाला होता. साहजिकच काहींच्या मनात विचार आला. पुराच्या वर्षीच ही कुजबुज सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये राज्याच्या विधानसभेत एका सदस्याने रीतसर विधेयकच मांडले. चित्र विकावे, रकमेचा निधी करावा, आणि त्याच्या व्याजातून कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, असे ते विधेयक होते.

मित्रहो, हे विधेयक मांडणारा माणूस दुष्ट होता असे मला वाटत नाही. पैसा स्टेडियमसाठी किंवा मंत्र्यांच्या गाड्यांसाठी मागितलेला नव्हता, तो विद्यार्थ्यांसाठीच मागितला होता. म्हणून तर हा प्रश्न कठीण आहे. वाईट कामासाठी चांगली वस्तू विकू नये हे शेंबडे पोरही सांगेल. चांगल्या कामासाठी चांगली वस्तू विकावी की नाही, येथे खरी कसोटी आहे.

माझ्या स्वतःच्या मनात या प्रश्नाचा निकाल लागला तो आमच्या गावच्या गायरानामुळे. पूर्वी आमच्या गावाला बरेच गायरान होते. मग एकदा एका चांगल्या कामासाठी त्याचा तुकडा गेला, पुढे दुसऱ्या चांगल्या कामासाठी दुसरा. एकही काम वाईट नव्हते. मात्र आता आईला शेळी चारायला ओढ्याच्या काठाने दीड कोस जावे लागते. मी वडिलांना या चित्राची हकीकत सांगितली. म्हटले, आबा, एवढ्या पैशात किती पोरं शिकतील! आबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ज्याला सोताचं रान हाय, त्याला गायरान गेल्याचं काय? ज्याला रान न्हाई त्याचीच शेळी उपाशी ऱ्हाती.”

आबा चौथी शिकलेले आहेत. पण माझ्या भाषणातली चूक त्यांनी एका वाक्यात दाखवली.

श्रीमंताला चित्र पाहायचे असेल तर तो विकत घेऊन घरात लावतो, नाहीतर विमानात बसून पॅरिसला जातो. ज्याच्याजवळ यातले काहीच नाही, त्याच्यासाठी सार्वजनिक संग्रह असतो. आयोवातल्या एखाद्या डुकरे पाळणाऱ्याच्या मुलाला जगातले थोर चित्र घरापासून तासाभराच्या अंतरावर, एक पैसा न देता पाहता येते, ही साधी गोष्ट नव्हे. ते चित्र विकले असते तर कोणी घेतले असते? १४ कोटी डॉलर मोजणारी सार्वजनिक संग्रहालये जगात फार नाहीत. ते बहुधा कोण्या कुबेराच्या घरी गेले असते. म्हणजे जे चित्र एका धनिक बाईच्या प्रवेशदालनातून निघून विद्यार्थ्यांच्या खोलीत आले होते, ते विद्यार्थ्यांच्याच नावाने पुन्हा एखाद्या धनिकाच्या दालनात जाऊन बसले असते.

दुसरी गोष्ट. शिष्यवृत्त्या कोणाला मिळणार होत्या? कला शिकणाऱ्यांना. म्हणजे कला शिकणाऱ्यांना मदत करण्यासाठी ते ज्याच्यापासून शिकणार तेच काढून घ्यायचे. पाणी भरायला बादल्या नाहीत म्हणून विहीर विकून बादल्या आणाव्यात, तसा हा हिशेब. माझ्या भाषणात मी बादल्या मोजल्या, विहिरीकडे पाहिलेच नाही.

यावर कोणी म्हणेल, “तुझ्या आईने शेळी विकली ना? मग विद्यापीठाने चित्र विकले तर बिघडले कोठे?” हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. आईने आपली शेळी विकली. ती तिची होती, आणि तिची झळ तिने सोसली. गावाने गायरान विकले तर त्याची झळ विकणाऱ्याला लागत नाही, पुढे जन्माला येणाऱ्या शेळीवाल्याला लागते. आईच्या कृतीला मी त्याग म्हणतो. दुसऱ्या कृतीला त्याग म्हणता येणार नाही. शिवाय आईला शेळी विकावी लागली ती माझी हक्काची शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही म्हणून. हे कर्तव्य सरकारचे होते. विद्यार्थ्यांच्या फीची सोय करणे हे तिकडेही राज्याचे कर्तव्य आहे. ते करविण्याऐवजी घरातली वस्तू बाजारात मांडली, की कर्तव्य चुकवणारा नामानिराळा राहतो. त्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात सुमारे ७० हजार प्रेक्षक बसतात, म्हणजे जवळजवळ सगळे गाव त्यात मावेल. ते मैदान विकून शिष्यवृत्त्या द्याव्यात असे विधेयक मांडल्याचे मी कोठे वाचले नाही. विकायची वेळ आली की पहिली नजर चित्रावर, ग्रंथालयावर, नाट्यगृहावरच का जाते, याचा विचार आपण सर्वांनी करावा.

परंतु चित्र राखले की सर्व काही साधले, असेही मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर मी दुसऱ्या टोकाची चूक करीन. याच आयोवा विद्यापीठात १९४० साली एलिझाबेथ कॅटलेट या कृष्णवर्णीय तरुणीने शिल्पकलेची उच्च पदवी मिळवली. त्यांचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. विद्यापीठाने त्यांना वर्गात घेतले, पण कृष्णवर्णीय म्हणून वसतिगृहात राहू दिले नाही. चित्रकार ग्रँट वूड हे त्यांचे शिक्षक. तुला जे सर्वांत जवळून माहीत आहे त्याचीच कला कर, असा सल्ला त्यांनी दिला. कॅटलेट यांनी दगडात आई आणि मूल घडवले, आणि त्याच वर्षी शिकागोच्या प्रदर्शनात त्या शिल्पाला पहिले पारितोषिक मिळाले. भिंतीवर उत्तम चित्रे आहेत आणि वसतिगृहाचे दार बंद आहे, अशा विद्यापीठाला संस्कृतीचे माहेर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. विहीर हवी हे खरे. पण आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको की विहिरीवर सर्वांना पाणी भरू दिले पाहिजे, हेही तितकेच खरे.

या बाईंच्याच चरित्रात मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. २००६ साली विद्यापीठाच्या संग्रहालयाने त्यांच्याकडून २७ मुद्राचित्रे विकत घेतली. त्या तेव्हा मेक्सिकोत राहत होत्या आणि नव्वदीला टेकल्या होत्या. आलेला पैसा त्यांनी विद्यापीठालाच परत दिला, आणि त्यातून मुद्राचित्रण शिकणाऱ्या कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभा राहिला. चित्रे संग्रहात आली आणि मुलांना शिष्यवृत्त्याही मिळाल्या. ज्या बाईला वसतिगृहाचे दार बंद होते, तिने हे करून दाखवले. पुढे २०१७ साली विद्यापीठाने बांधलेल्या नव्या वसतिगृहाला तिचेच नाव दिले. उशीर झाला, पण झाले.

२०११चे ते विधेयक अखेर बारगळले. चित्राची डागडुजी झाली, ते अमेरिका-युरोपात फिरून आले, आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये नव्या इमारतीत ‘स्टॅनले’ संग्रहालय उघडले तेव्हा आपल्या घरी परतले. तेथे प्रवेशाला शुल्क नाही. सगळेच गोड झाले असे मात्र नव्हे. २०२५ साली अमेरिकन परराष्ट्र खात्याने ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम’चे अनुदान बंद केले, आणि जगभरच्या लेखकांना बोलावण्याचे काम आखडते घ्यावे लागले. म्हणजे असल्या गोष्टी एकदा राखल्या म्हणून कायमच्या राखल्या जात नाहीत. प्रत्येक पिढीला त्या नव्याने राखाव्या लागतात.

असो. लेख लांबला. मला शिष्यवृत्ती हवी आहे आणि ती वेळेवर हवी आहे. त्यासाठी अर्ज करायला, खेटे घालायला, वेळ पडल्यास मोर्चात चालायला मी तयार आहे. पण उद्या कोणी मला म्हणाले की तुझ्या फीसाठी आपल्या ग्रंथालयातली दुर्मिळ पुस्तके विकू या, तर मी नको म्हणेन. ती पुस्तके माझी एकट्याची नाहीत. अजून शाळेतही न गेलेल्या कोणा हमालाच्या पोरीचा त्यांवर माझ्याइतकाच हक्क आहे.

पोलॉकचे ते चित्र मी पाहिलेले नाही आणि बहुधा पाहणारही नाही. एवढ्या लांबचे तिकीट आमच्या कुळीत कोणी काढलेले नाही. तरीही ते विकले गेले नाही याचा मला आनंद आहे, आणि गेल्या वर्षी ते विका म्हणून टाळ्या मिळवल्याचे वाईट वाटते. त्या ताई आता पदवी घेऊन महाविद्यालयातून गेल्या आहेत. हा अंक त्यांच्या हाती पडला तर त्यांनी एवढे समजावे की त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

(द्वितीय वर्ष, कला)